पाकीट आणि माल : जालन्याच्या हुंडीपासून ई-इनव्हॉइसपर्यंत

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. एक धंदा दुसऱ्या धंद्याला संगणकातून निरोप पाठवतो, तेव्हा त्या निरोपातला 'माल' कसा बांधायचा, हा तो विषय. तंत्रज्ञ मंडळी या मालाला 'पेलोड' म्हणतात. शब्द वाहतुकीच्याच धंद्यातून आला आहे : गाडीत जे भरलंय आणि ज्याचं भाडं मिळतं, ते पेलोड. गाडी, डिझेल, ड्रायव्हर हे सगळं लागतंच, पण त्याचं भाडं कोणी देत नाही. आपण आज त्याला सरळ 'माल' म्हणू, आणि त्याभोवती जे गुंडाळलेलं असतं त्याला 'पाकीट'.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी गेलात तर हे दोन्ही एका जागी दिसतात. सळईचा ट्रक भरून झालेला असतो, काट्यावर वजन झालेलं असतं, दोर आवळलेले असतात. तरी ट्रक गेटच्या आत उभा. ड्रायव्हर ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारतो, "साहेब, कागद झाला का?" आत एक माणूस संगणकासमोर बसून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत असतो. माल तयार आहे, गाडी तयार आहे, थांबलंय ते पाकीट.

आम्हाला हे दृश्य बघताना वाटायचं की ही जीएसटीनंतरची कटकट आहे. मग जुने कागद बघायला लागलो आणि लक्षात आलं की जालन्यात माल कागदासाठी थांबण्याची गोष्ट फार जुनी आहे. पाकिटावर काय लिहायचं, आत काय ठेवायचं आणि दोघांची गाठ कशी मारायची, हे तीन प्रश्न या गावाने निदान तीनदा सोडवलेत.

'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ चं, औरंगाबादपासून वेगळं काढलेलं. पण बाजारपेठ म्हणून ते कितीतरी जुनं. निजामाच्या राज्यात होतं, आणि इथेच हैदराबाद काँटिन्जंटची छावणीही होती. म्हणजे एकाच बाजारात दोन नाणी. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. हा आकडा लक्षात ठेवा.

आता समजा, त्या काळी जालन्याच्या एका पेढीला मुंबईच्या पेढीवर पाचशे रुपयांची हुंडी लिहायची आहे. हुंडी म्हणजे काय? एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला लिहिलेला आदेश : हा कागद घेऊन येईल त्याला, किंवा अमुक अमुक प्रकारच्या माणसाला, इतके रुपये द्या. आपल्या आजच्या भाषेत, एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला पाठवलेला निरोप. आणि हा निरोप तिसऱ्याच माणसाच्या हातातून जायचा. तो हात विश्वासाचा असेलच असं नाही. त्यामुळे कागदाने स्वतःचं रक्षण स्वतःच करायचं.

ते कसं? रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरात. मग पुढे : याचे निम्मे अडीचशे, त्याची दुप्पट करून पुरे द्या. एकच रक्कम तीन तऱ्हांनी. पाचशेचे पंधराशे करायला निघालेल्या माणसाला निम्म्याचा आकडाही बदलावा लागणार, आणि तो अक्षरात असणार. संगणकवाले ज्याला 'चेकसम' म्हणतात, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, तो हाच. आणि नुसतं 'पाचशे' लिहून भागायचं नाही. हाली की कलदार, हे लिहावंच लागायचं. ते राहिलं तर सातातला एक भाग कोणाच्या तरी अंगावर.

देणं कोणाला, यावरून हुंडीच्या जाती. दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. शाहजोग म्हणजे बाजारातल्या पतदार शेठलाच द्यायची, धनीजोग म्हणजे जो धनी असेल त्याला. एक जोखमी हुंडी असायची, तिचे पैसे माल सुखरूप पोचला तरच मिळायचे. बघा, एका शब्दात किती अटी भरल्यात! पाकिटावर नुसता 'शाहजोग' एवढा शिक्का असला की आतला मजकूर न उघडताही मुनीमाला कळायचं, समोरच्याला पैसे द्यायचे की नाही.

आणि त्याहून हुशारीची गोष्ट : हुंडी एका हाताने जायची, पण 'आम्ही तुमच्यावर इतक्याची, अमक्याच्या नावे, अमक्या तिथीला हुंडी केली आहे' असं कळवणारं पत्र वेगळ्या वाटेने आधीच निघालेलं असायचं. मुंबईची पेढी दोन्ही कागद शेजारी ठेवायची. जुळले तर पैसे. म्हणजे माल एका वाटेने, मालाची वर्दी दुसऱ्या वाटेने. ही कल्पना आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

हुंडी वाटेत हरवली तर? तर 'पेठ' लिहायची. पेठ म्हणजे दुसरी प्रत, पण ती स्वतः सांगते की मी दुसरी आहे, पहिलीचे पैसे दिले नसतील तरच माझे द्या. ती हरवली तर 'परपेठ'. तिसरी. आणि पैसे दिले की हुंडी फाडायची नाही, तिचा 'खोखा' करून जपून ठेवायचा, म्हणजे पुन्हा कोणी ती घेऊन उभा राहिला तर दाखवायला. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट करताना इंग्रजांनी देशी भाषांतल्या या कागदांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले. जे उत्तम चाललंय त्याला हात लावायला ते घाबरले असावेत, असं आमचं मत.

जाता जाता लिपीबद्दल. मारवाडी पेढ्यांची महाजनी लिपी काना-मात्रा गाळून लिहायची. त्यावरचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल : घरी पत्र आलं की काकाजी अजमेर गेले, आणि घरच्यांनी वाचलं की काकाजी आज मर गये. रडारड सुरू! विनोद असो, पण मुद्दा खरा आहे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात आधी काही ठरलेलं नसेल, तर तीच अक्षरं दोन अर्थ देतात. पेढ्यांचं आपसात ठरलेलं असायचं. बाहेरच्याला ते कळू नये हाही हेतू असायचाच.

१९०० च्या आसपास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे झाली आणि जालन्याचा कापूस गाठी बांधून रेल्वेने निघू लागला. ही लाइन मीटरगेज. मनमाडला मुंबईची लाइन ब्रॉडगेज. रूळच वेगळे, त्यामुळे डबा पुढे जाणं शक्य नाही. मनमाडला गाठी एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरायच्या. हमालांनी, पाठीवरून. १९९० च्या दशकात रूळ बदलेपर्यंत ही कथा चालू होती.

आता विचार करा, डबा बदलला तर कागद बदलायचा का? नाही. जालन्याला मिळालेली रेल्वे पावती, जिला सगळे 'आरआर' म्हणत, तीच मुंबईपर्यंत चालायची. डबा कोणता हा रेल्वेचा प्रश्न. माल कोणाचा, किती नग, काय वजन, कोणाला द्यायचा, हा पावतीचा. गाठीवर प्रेसचा मार्का आणि नंबर रंगवलेला असायचा आणि त्यावरून गाठ आणि पावती यांची जोडी लागायची. गाठ मारली गेली ती त्या मार्क्याने. आम्ही हे इतकं लांबवून सांगतोय, कारण शंभर वर्षांनी सरकारी संगणकात हाच मनमाडचा प्रश्न जसाच्या तसा आला, आणि उत्तरही तेच निघालं.

पावतीची वाट पुन्हा वेगळी. माल रेल्वेने, बिल्टी बँकेमार्फत. खरेदीदाराने बँकेत पैसे भरायचे, बिल्टी सोडवायची, मग स्टेशनावर जाऊन माल उचलायचा. कागद ज्याच्या हाती, माल त्याचा. ट्रकच्या जमान्यातही हे चाललं.

तारेबद्दल थोडक्यात. तारेला शब्दामागे पैसे, आणि पत्त्याचेही शब्द मोजले जायचे. म्हणून व्यापारी एका शब्दाचा 'तारेचा पत्ता' नोंदवून ठेवत. जुन्या लेटरहेडांवर तो छापलेला दिसतो. मजकुरासाठी कोडची पुस्तकं होती. लंडनमध्ये १८७३ पासून एबीसी कोड, पुढे १९०६ चा बेंटलीचा कोड. एक विचित्र शब्द म्हणजे आख्खं वाक्य. पैसेही वाचायचे आणि तारबाबूला भावही कळायचा नाही. पाकीट लहान करण्याचा आणि माल झाकण्याचा लोभ तेव्हापासूनचा आहे.

आता जरा जालना सोडून बाहेर जाऊ, कारण पुढचं पाऊल बाहेर पडलं.

१९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचा रस्ता आणि रेल्वे अडवली. दोस्त राष्ट्रांनी शहराला विमानाने कोळसा आणि धान्य पुरवलं. विमानं उतरतायत, पण कुठल्यात काय आहे हे कळायला नाना देशांचे नाना नमुन्यांचे कागद. एडवर्ड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेलेक्सवरून पाठवता येईल असा मालयादीचा एकच नमुना बसवला. त्यातूनच पुढे अमेरिकेत १९६८ मध्ये वाहतूक कंपन्यांची समिती झाली, १९७९ मध्ये 'एक्स-१२' ची समिती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८७ मध्ये 'एडिफॅक्ट'. या सगळ्याला मिळून 'ईडीआय' म्हणतात.

ईडीआयचं पाकीट कडक होतं. एक्स-१२ मध्ये सर्वांत बाहेरची ओळ बरोबर १०६ अक्षरांची. पाठवणारा कोण, घेणारा कोण, तारीख, वेळ, अनुक्रमांक, सगळं ठरल्या जागी. त्याच्या आत गटाचं पाकीट, त्याच्या आत एकेका कागदाचं पाकीट, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'आत इतके होते' असा मोजणीचा आकडा. हमालाने गाठी मोजून खडूने लिहावं तसं. काम चोख, पण महाग. मोठ्या कंपन्यांनाच परवडणारं. जालन्यासारख्या गावातल्या सरकी-ढेपवाल्याला याचा काय उपयोग!

इंटरनेट आल्यावर लोकांना वाटलं, आता हे स्वस्तात करू. १९९८ मध्ये एक्सएमएल आलं, माणसालाही वाचता येईल अशी खुणांची भाषा. १९९९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांची व्यापारसुलभीकरणाची संस्था आणि 'ओएसिस' ही मानकं ठरवणारी संस्था यांनी मिळून 'ईबीएक्सएमएल' नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुदत १८ महिने. हेतू हा की लहान धंद्यालाही, कुठल्याही देशात, हा व्यवहार करता यावा. २००१ च्या मे मध्ये पहिला संच पुरा झाला.

आता इथे थांबू या, कारण खरी गंमत इथे आहे. २००० मध्ये 'सोप' नावाचं पाकीट आलं होतं. एक्सएमएलचंच पाकीट, वर डोकं, खाली धड. सगळ्यांना वाटलं, माल धडात घालून टाकू. पण माल म्हणजे काय काय असतं? कधी खरेदीचा आदेश, तोही एक्सएमएल. कधी नकाशा. कधी स्कॅन केलेली बिल्टी. कधी जुन्या ईडीआयची फाइल. एक्सएमएलचा पूर्ण कागद दुसऱ्या एक्सएमएलच्या पोटात घालता येत नाही, कारण त्याच्या डोक्यावरची 'मी एक्सएमएल आहे' ही ओळ फक्त कागदाच्या आरंभीच चालते. चित्र घालायचं तर ते अक्षरांत बदलावं लागतं. त्या पद्धतीला 'बेस-६४' म्हणतात आणि तिच्यात तीनाचे चार होतात, म्हणजे माल एक तृतीयांशाने फुगतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आत मोठा माल असला की नुसता पत्ता वाचायलाही संगणकाला आख्खं पाकीट चाळावं लागायचं. पोस्टमनने पत्त्यासाठी प्रत्येक पत्र फोडून वाचावं तसं!

तेव्हा ईबीएक्सएमएलवाल्यांनी काय केलं? त्यांनी माल पाकिटातून बाहेर काढला. १९९२ पासून ई-मेलला चित्रं जोडण्यासाठी 'माईम' नावाची पद्धत होती. एकाच निरोपाचे कप्पे पाडायचे, मध्ये सीमारेषा. डिसेंबर २००० मध्ये सोपला अशी जोडपत्रं लावण्याची रीत मांडली गेली, आणि ईबीएक्सएमएलने ती उचलली. पहिल्या कप्प्यात फक्त पाकीट : कोणाकडून, कोणाला, कोणत्या कराराखाली, कोणत्या बोलाचालीतला हा निरोप, निरोपाचा स्वतःचा क्रमांक. आणि एक मालयादी, तिला 'मॅनिफेस्ट' म्हणायचं, जहाजाचा शब्द. त्या यादीत प्रत्येक मालाचा मार्का. पुढच्या कप्प्यांत माल, जसा आहे तसा, आत काय आहे याची पाकिटाला काळजी नाही. मधल्या संगणकाने पहिला कप्पा वाचायचा, बाकीचे न उघडता पुढे ढकलायचे. मनमाडच्या हमालासारखं.

यावर पुढे बराच वाद झाला. एका पक्षाचं म्हणणं, माल बाहेर ठेवला तर सही कशावर करायची? पाकिटावर सही आणि माल मोकळा, म्हणजे कोणी कप्पा बदलला तर? यादीत मालाचा ठसा, म्हणजे त्याच्यावरून काढलेला आकडा, लिहून त्यावर सही करा, असं उत्तर आलं. दुसऱ्या पक्षाने २००५ मध्ये मधली वाट काढली. 'एमटॉम' तिचं नाव : समजताना माल आतच आहे असं समजायचं, पाठवताना मात्र बाहेर काढून पाठवायचा. मारवाडी मुनीमाला हे ऐकवलं असतं तर तो हसला असता. हुंडीत पैसे असतात की नसतात?

ईबीएक्सएमएलचं पुढे काय झालं? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने वापरलं, त्याचा पुढचा अवतार 'एएस-४' युरोपात सरकारी खरेदीच्या बिलांसाठी चालतो. पण गावोगावच्या लहान धंद्यापर्यंत ते स्वतःहून पोचलं नाही. आमच्या मते कारण साधं आहे. पाकीट जितकं सर्वांसाठी बनवावं तितकं ते जाड होतं, आणि जाड पाकीट हाताळायला पगारी माणूस लागतो.

लहान धंद्यापर्यंत हा व्यवहार पोचवला तो कराने. आता आपण जालन्याला परत येतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झालं, महाराष्ट्राच्या आत त्याच वर्षी मे मध्ये. या बिलाचे दोन भाग. 'भाग अ' मध्ये माल : कोणाचा, कोणाला, काय, कितीचा. 'भाग ब' मध्ये गाडीचा नंबर. वाटेत गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत भरला, तर फक्त 'भाग ब' बदलायचा. ओळखलंत ना? मनमाड!

मग आलं ई-इनव्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींवरच्या उलाढालीला, मग उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर. पाच कोटी ही आपल्या भागात काही फार मोठी रक्कम नाही. सळईचे चार ट्रक महिन्याला गेले तरी वर्षाचा आकडा तिथवर जातो. त्यामुळे रोलिंग मिल, जिनिंग, बियाण्याच्या कंपन्या, अडतवाल्यांतले मोठे, सगळे एका झटक्यात अशा निरोपांच्या धंद्यात आले. कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

हा निरोप बांधतात कसा ते बघा. बिल एका ठरलेल्या साच्यात, 'जेसन' नावाच्या पद्धतीने लिहायचं. एक्सएमएलपेक्षा हलकी. मग ते कुलूपबंद करायचं. किल्ली दर सत्राला नवी. कुलूपबंद माल पुन्हा बेस-६४ मध्ये, म्हणजे तीनाचे चार. आणि हे सगळं एका रकान्यात टाकायचं, ज्याचं नाव नुसतं 'डेटा'. बाहेरच्या पाकिटावर धंद्याचा जीएसटी क्रमांक, वापरणाऱ्याचं नाव आणि सत्राची खूण. मोठ्यांना सरकारी संगणकाचं दार थेट उघडं, बाकीचे मध्यस्थ कंपनीमार्फत जातात किंवा सरळ फाइल अपलोड करतात. पलीकडून साचा तपासला जातो. पिनकोड राज्याशी जुळतो का, बेरीज बसते का. बसली तर चौसष्ट अक्षरांचा एक क्रमांक आणि सही केलेला चौकोनी क्यूआर कोड परत येतो. तो बिलावर छापायचा. तेव्हा गाडी हलते.

तो चौसष्ट अक्षरांचा क्रमांक कशावरून निघतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा नंबर. बस्स. रक्कम त्यात नाही, माल त्यात नाही, घेणाराही नाही. म्हणजे हा ठसा पाकिटाचा आहे. आतल्या मालाची हमी वेगळी, ती सरकारी संगणकाच्या सहीने मिळते. क्यूआर कोडमध्येही आख्खं बिल नसतं. दोघांचे क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी आहेत, मुख्य मालाचा एचएसएन कोड अशी मोजकीच माहिती असते. सळई असेल तर ७२१४. रस्त्यावर अधिकाऱ्याने तो मोबाइलवर वाचला तर त्याला कळतं की कागद खरा आहे. गाडीत १२ एमएमची सळई आहे की १६ ची, हे त्यातून कळत नाही.

एकदा आम्ही अशाच एका मिलच्या ऑफिसात बसलो होतो. वजनकाट्याची चिठ्ठी आल्याशिवाय बिल करता येत नाही, कारण सळई वजनावर जाते. चिठ्ठी आली, मुनीमजींनी बिल पाठवलं आणि तेवढ्यात नेट गेलं. नेट आल्यावर त्यांनी पुन्हा पाठवलं. पलीकडून उत्तर : हा क्रमांक आधीच दिलेला आहे. म्हणजे पहिला निरोप पोचला होता, फक्त उत्तर वाटेत हरवलं होतं. मुनीमजी घामाघूम. नवा नंबर टाकून दुसरं बिल करावं तर एकाच मालाची दोन बिलं. बाहेर ड्रायव्हरचे फोन. शेवटी शोधून जुनं उत्तर परत काढता येतं हे कोणीतरी फोनवर सांगितलं आणि तासाभराने गाडी निघाली.

आम्हाला तिथे बसल्या बसल्या पेठ आठवली. हरवलेल्या निरोपाची दुसरी प्रत पाठवताना ती दुसरी आहे हे कागदाने सांगावं आणि पैसे एकदाच जावेत. ईबीएक्सएमएलमध्येही निरोपाच्या क्रमांकावरून दुसरी प्रत ओळखून टाकून द्यायची सोय होती. आपल्या ई-इनव्हॉइसमध्येही दुहेरी नोंद अडवली जाते, ते चांगलंच आहे. पण मुनीमाला ती चुकीची लाल पट्टी म्हणून दिसते. पेढीच्या माणसाला पेठ म्हणजे काय हे शिकवलेलं असायचं. आज संगणकाला कळतं आणि खुर्चीवरच्या माणसाला कोणी सांगत नाही.

आणि चुकीची किंमत काय? क्रमांक मिळाल्यावर तिथे तो रद्द करायला २४ तास, आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्यानंतर क्रेडिट नोटचा फेरा. रस्त्यात कागद आणि माल जुळले नाहीत तर गाडी अडकते, दंड भरून सोडवावी लागते. सुरुवातीला स्पेलिंगच्या चुकीवरूनही गाड्या अडायच्या. १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्राच्या परिपत्रकाने सांगितलं की पिनकोडची चूक, गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा, नावातलं अक्षर, अशा ठरावीक बारीक चुकांना केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे, एवढाच दंड; गाडी अडवून बसू नका. ते परिपत्रक वाचताना कोणीतरी पहिल्यांदा पाकिटाची चूक आणि मालाची चूक वेगळी मोजली, असं आम्हाला वाटलं. हुंडीवाल्यांनी ती नेहमीच वेगळी मोजली होती.

एक फरक मात्र मोठा आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. हुंडी दोन पेढ्यांच्या मध्ये होती. तारेत भाव कोडात लपवलेला होता. बिल्टी बँकेच्या हातून गेली तरी बँकेला तिच्या पैशांपुरतंच पडलेलं होतं. आज जालन्याच्या मिलने नागपूरच्या दुकानदाराला काय भावाने सळई दिली, हे बिल आधी तिसऱ्याकडे जातं, तिथून शिक्का घेऊन मग खरेदीदाराकडे. वाटेतल्या चोरापासून कुलूप वाचवतं, पण किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून काय वाचवणार? खोटी बिलं करून कर बुडवणाऱ्यांना याने चाप बसला हेही खरं. ज्यांनी प्रामाणिकपणे कर भरला त्यांना बाजारात त्यांच्याशी स्पर्धा करावी लागायची. आम्ही दोन्ही बाजू जालन्यात ऐकल्या. भावाची गुप्तता गेल्याचं दुःख जुन्या शेठना जास्त, नव्यांना नाही. नवे म्हणतात, बँक आता तेच बिल बघून कर्ज देते.

मिलच्या त्या ऑफिसात गाडी निघताना मुनीमजींनी बिलाच्या तीन प्रती काढल्या. मूळ खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी फाइलला. ड्रायव्हरच्या हातात त्याची प्रत दिली. आम्ही त्याला विचारलं, यात नेमकं काय बघतोस? तो म्हणाला, "गाडीचा नंबर बरोबर पडलाय का तेवढंच बघतो. बाकीचं त्यांचं त्यांना." कागद घडी करून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी सीटखाली, आणि गाडी गेटाबाहेर काढली.

चहा बाहेर ठेवलाय. दहा मिनिटांनी प्रश्न घेऊ.